चर्चा सगळ्यांची, निर्णय कोणाचा?

फायनल इयरचा कोणताही प्रोजेक्ट ग्रुप डोळ्यांसमोर आणा. चौघेजण कँटीनमध्ये बसले आहेत. विषय आहे, मोटर स्टेपर घ्यायची की सर्व्हो? एक म्हणतो स्टेपर, कारण स्वस्त पडते. दुसरा म्हणतो सर्व्हो, कारण लोड वाढला तर स्टेपर स्टेप चुकवेल. तिसरी म्हणते, आधी सरांना विचारू. चौथा मोबाईलमध्ये डोकं घालून "तुम्ही ठरवाल ते" असं म्हणतो. दोन-दोन कटिंग होतात आणि "बघू, ठरवू नंतर" म्हणून मंडळी उठतात. पुढच्या आठवड्यात ज्याला वेळ असतो तो बाजारात जातो आणि दुकानात जी मोटर मिळेल ती घेऊन येतो. मग वायव्हाला एक्स्टर्नल विचारतात, "ही मोटर का निवडली?" आणि चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात!

गंमत म्हणजे चर्चा भरपूर झाली होती. निर्णय मात्र कोणीच घेतला नव्हता. तो आपोआप झाला.

कॉलेजात या सवयीची किंमत फार तर दहा-वीस मार्क असते. पण हीच सवय घेऊन आपण उद्या कारखान्यात, साइटवर किंवा सॉफ्टवेअर कंपनीत जाणार आहोत, आणि तिथे किंमत वेगळी असते. म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे : गटात काम करताना चर्चा सगळ्यांनी करावी, पण कोणत्या निर्णयात कोणाची कोणती भूमिका आहे हे चर्चा सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. हे ठरलेलं नसेल तर हुशार, प्रामाणिक आणि अनुभवी माणसंसुद्धा एकत्र बसून भलताच निर्णय घेऊ शकतात. याचं इंजिनिअरिंगच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं उदाहरण आधी पाहू.

एका रात्रीची गोष्ट

२८ जानेवारी १९८६. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या केनेडी स्पेस सेंटरवरून सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी 'चॅलेंजर' हे स्पेस शटल उडालं आणि ७३ सेकंदांनी आकाशातच त्याचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाची एक शाळाशिक्षिकाही होती.

कारण तसं साधं होतं. शटलच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे बूस्टर असत. हे बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत आणि प्रत्येक सांध्यातून गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या दोन ओ-रिंग बसवलेल्या असत. बूस्टरचा व्यास सुमारे १२ फूट आणि ओ-रिंगची जाडी जेमतेम पाव इंच! थंडीत रबर कडक होतं, त्याचा लवचिकपणा कमी होतो आणि सांधा किंचित उघडला तर ते तितक्या चटकन फुगून फट बुजवू शकत नाही. उड्डाणाच्या वेळी तापमान ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअस होतं. उजव्या बूस्टरचा एक सांधा गळला आणि पुढचं सगळं घडलं.

आता खरी गोष्ट. हा धोका कोणाला माहीतच नव्हता का? माहीत होता. आदल्या संध्याकाळी तीन ठिकाणच्या लोकांची टेलिकॉन्फरन्स झाली होती : युटामध्ये बूस्टर बनवणारी मॉर्टन थायोकोल ही कंपनी, अलाबामामध्ये नासाचं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडात प्रत्यक्ष उड्डाणाच्या ठिकाणी असलेली मंडळी. एकूण ३४ जण. रॉजर बॉइसजोली, आर्नी थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी तक्ते दाखवले. तोपर्यंतचं सर्वांत थंड उड्डाण जानेवारी १९८५ मध्ये ५३ अंश फॅरनहाइटला झालं होतं आणि त्या वेळी ओ-रिंगच्या पलीकडे काळी काजळी गेलेली आढळली होती. म्हणून कंपनीची शिफारस होती की ५३ अंशांच्या खाली उड्डाण करू नये.

नासाच्या बूस्टर प्रकल्पाचे प्रमुख लॅरी मलॉय यांनी यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, ही आकडेवारी ठाम काही सांगत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबातच नव्हतं असं नाही. ७५ अंशांच्या उड्डाणातही वायू गळल्याची खूण सापडली होती. मार्शलचे दुसरे अधिकारी जॉर्ज हार्डी यांनीही कंपनीच्या शिफारशीबद्दल तीव्र नाराजी दाखवली, पण त्याचबरोबर हेही सांगितलं की कंपनीच्या शिफारशीविरुद्ध आपण उड्डाणाला संमती देणार नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. याचा अर्थ त्या क्षणी 'नाही' म्हणण्याची ताकद थायोकोलच्या हातात होती.

कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली आणि फोन म्यूट केला. पाच मिनिटांची जवळजवळ अर्धा तास झाली. बॉइसजोली आणि थॉम्पसन यांनी पुन्हा फोटो आणि स्केच दाखवून समजावलं. मग वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन म्हणाले की आता हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे. खोलीतल्या इंजिनिअरांना मत विचारलं गेलं नाही. फक्त चार वरिष्ठ मॅनेजरांचं मत घेतलं. त्यांतले तिघे 'हो' म्हणाले. चौथे होते बॉब लुंड, इंजिनिअरिंगचे व्हाइस प्रेसिडेंट. ते घुटमळले. तेव्हा मेसन यांनी त्यांना सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची टोपी घाला. लुंड यांनी टोपी बदलली. चार विरुद्ध शून्य.

आपल्या मराठीत 'टोपी घालणे' याचा अर्थ काय होतो ते सांगायला नकोच!

फोन पुन्हा सुरू झाला. कंपनीने आता उड्डाणाची शिफारस केली. आणखी कोणाला काही म्हणायचंय का, असं पलीकडून विचारलं गेलं. कोणी बोललं नाही. नासाने सहीचं पत्र मागितलं. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी सही करायला साफ नकार दिला. शेवटी युटाहून जो किलमिन्स्टर यांच्या सहीचा फॅक्स आला.

चूक नेमकी कुठे झाली?

या गोष्टीतले मॅनेजर दुष्ट आणि इंजिनिअर सज्जन, असं म्हणून सुटता येईल. पण त्यातून आपण शिकणार काय? भूमिकांच्या नजरेने पाहिलं तर चार चुका स्पष्ट दिसतात.

पहिली : ज्याच्याकडे नकाराचा अधिकार होता त्याची भूमिका ऐन वेळी बदलली गेली. लुंड त्या खोलीत कशासाठी होते? इंजिनिअरिंगचा आवाज म्हणून. वेळापत्रक आणि ग्राहकाची नाराजी यांचा विचार करायला बाकीचे तिघे होतेच. चौथ्यालाही त्याच बाकावर बसवल्यावर तांत्रिक बाजूची खुर्ची रिकामी झाली, आणि मतमोजणीत मात्र ती भरलेली दिसली.

दुसरी : सिद्ध कोणी काय करायचं हेच उलटं झालं. एरवी कंपनीला 'उड्डाण सुरक्षित आहे' हे दाखवावं लागे. त्या रात्री इंजिनिअरांना 'उड्डाण असुरक्षित आहे' हे सिद्ध करा असं सांगितल्यासारखं झालं. अपुऱ्या आकडेवारीवर पहिली गोष्ट जितकी अवघड, तितकीच दुसरीही. म्हणजे भार ज्याच्या खांद्यावर, तो हरणार हे ठरलेलंच.

तिसरी : निर्णय घेणाऱ्यापर्यंत माहिती पोहोचलीच नाही. उड्डाणाचा अंतिम निर्णय नासाच्या वरच्या पातळीवर जेसी मूर यांचा होता आणि त्यांच्या खालची पातळी आर्नोल्ड ऑल्ड्रिच यांची. त्या संध्याकाळी ओ-रिंगवर एवढा वाद झाला हे या दोघांनाही सांगितलं गेलं नाही. विषय आपल्याच पातळीवर मिटला असं खालच्यांनी परस्पर ठरवलं. म्हणजे वाद घालणाऱ्यांना निर्णयाचा अधिकार नव्हता आणि अधिकार असलेल्यांना वाद माहीत नव्हता!

चौथी : गप्प बसणं म्हणजे संमती असं धरलं गेलं. "कोणाला काही म्हणायचंय का?" हा प्रश्न ३४ जणांना विचारला म्हणजे तो कोणालाच विचारला नाही. "बॉइसजोली, तुमचं मत बदललं आहे का?" असा नाव घेऊन विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने जून १९८६ मध्ये अहवाल दिला. सांध्याचं डिझाइन सदोष होतंच, पण निर्णयाची पद्धतही सदोष होती, असं आयोगाने स्पष्ट म्हटलं. त्याच्या शिफारशी पाहण्यासारख्या आहेत : उड्डाणापूर्वीच्या आढावा बैठकांची नोंद ठेवा, उड्डाणावरची बंधनं कोण घालणार आणि कोण उठवणार याचं धोरण ठरवा, आणि यानाच्या कमांडरला किंवा त्याच्या प्रतिनिधीला आढाव्यात बसवा. तिन्ही शिफारशी भूमिकांबद्दलच्या आहेत.

तरीही १७ वर्षांनी तसंच काहीसं पुन्हा घडलं. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' परतताना नष्ट झालं आणि आपल्या कर्नालची कल्पना चावला त्यात गेली. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्या भागाचे फोटो काढावेत अशी मागणी केली. पण ही मागणी नक्की कोणाची, ती अधिकृत आहे का, याचा पत्ता व्यवस्थापनाला लागेना आणि ती रद्द झाली. म्हणजे मागणी होती, ती मांडण्याची वाट मात्र ठरलेली नव्हती.

पाच भूमिका

मग करायचं काय? व्यवस्थापनशास्त्रात यासाठी काही तक्ते वापरतात. त्यांतला एक सोपा तक्ता 'रॅपिड' नावाने ओळखला जातो. बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीने तो रूढ केला आणि पॉल रॉजर्स व मार्सिया ब्लेंको यांनी जानेवारी २००६ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यावर लेख लिहिला. पाच इंग्रजी अक्षरं म्हणजे पाच भूमिका. अक्षरांच्या क्रमाला फारसा अर्थ नाही, कामाचा क्रम वेगळा असतो. म्हणून आपण कामाच्या क्रमानेच घेऊ.

उदाहरण आपल्या जवळचं घेऊ. समजा, भोसरी एमआयडीसीत पंप बनवणारा एक कारखाना आहे. पंपाच्या शाफ्टजवळ पाणी गळू नये म्हणून मेकॅनिकल सील बसवतात. एका नव्या पुरवठादाराने हेच सील कमी दरात देऊ केलं आहे. घ्यायचं की नाही?

१) शिफारस करणारा : हा सगळी माहिती गोळा करतो, पर्याय समोर ठेवतो आणि एक ठोस प्रस्ताव मांडतो. इथे परचेस इंजिनिअर. "दोन्ही चांगले आहेत, तुम्हीच बघा" ही शिफारस नव्हे.

२) माहिती देणारे : असेंब्लीवरचा फिटर, जो रोज सील बसवतो. सर्व्हिस इंजिनिअर, ज्याला ग्राहकाकडे गळके पंप बघावे लागतात. यांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक, मानणं बंधनकारक नाही. पण न मानल्यास कारण सांगायला हवं.

३) संमती देणारा : याची 'हो' आल्याशिवाय प्रस्ताव पुढे जात नाही. इथे क्वालिटीचा प्रमुख. पण त्याचा नकार त्याच्या विषयापुरताच. सील प्रेशर टेस्टमध्ये नापास झालं म्हणून तो अडवू शकतो, पुरवठादाराचं ऑफिस लांब आहे म्हणून नाही.

४) निर्णय घेणारा : एकच माणूस. इथे प्लांट मॅनेजर. तो सगळ्यांचं ऐकतो, निर्णय देतो आणि खाली सही करतो.

५) अंमल करणारे : स्टोअर्स आणि असेंब्ली. निर्णय कधीपासून लागू, जुना माल कुठे वापरायचा, हे यांना लेखी कळायला हवं.

आता हाच तक्ता चॅलेंजरच्या रात्रीवर ठेवून बघा. शिफारस इंजिनिअरांची. संमतीची खुर्ची लुंड यांची. निर्णय वरच्या पातळीचा. त्या कागदावर "तांत्रिक संमती : लुंड" एवढंच आधी लिहिलेलं असतं, तर टोपी बदला म्हणणं इतकं सोपं गेलं असतं का? आणि "निर्णय : मूर" असं लिहिलेलं असतं तर "त्यांना कळवलं का?" हा प्रश्न कोणीतरी नक्कीच विचारला असता.

कंपन्यांत 'रॅसी' नावाचा आणखी एक तक्ता भेटेल. तिथे काम करणारा, जबाबदार असणारा, सल्ला देणारा आणि ज्याला कळवायचं तो, अशा चार भूमिका असतात. कामाची वाटणी करायला तो चांगला. मात्र त्यातल्या 'ए'चा अर्थ जबाबदार आणि 'रॅपिड'मधल्या 'ए'चा अर्थ संमती देणारा. दोन्ही एकत्र वापरून घोटाळा करू नका!

निर्णय चुकला तर?

"एकाच्या हाती निर्णय म्हणजे हुकूमशाही नाही का?" आणि "तो चुकला तर?" असे दोन प्रश्न हमखास येतात.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हुकूमशाहीत निर्णय घेणारा कोणाचं ऐकायला बांधील नसतो. इथे कोणाचं ऐकायचं ते आधीच लिहिलेलं आहे, आणि संमती देणारा त्याला थांबवूही शकतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्या देशातलं उदाहरण घेऊ. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण झालं. मिशन डायरेक्टर होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. शेवटच्या मिनिटांत कॉम्प्युटरने उलटी गणती थांबवली. कलाम सरांनी तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी पुढे जायला हरकत नाही असं सांगितलं आणि सरांनी कॉम्प्युटर बाजूला ठेवून उड्डाण करायचा निर्णय घेतला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेत बिघाड झाला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. ही हकिगत सर स्वतः भाषणांतून अनेकदा सांगत. इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन पत्रकारांना सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थेचे प्रमुख म्हणून स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० ला पुढचं उड्डाण यशस्वी झालं, रोहिणी उपग्रह कक्षेत गेला आणि तेव्हा धवन सरांनी पत्रकारांशी बोलायला कलामांना पुढे केलं.

इथेही निर्णय चुकला. पण कोणी विचारलं, कोणी सल्ला दिला, कोणी ठरवलं, हे सगळं लख्ख होतं. कोणी "मी नव्हतो" म्हणालं नाही. त्यामुळे वेळ बळीचा बकरा शोधण्यात न जाता बिघाड शोधण्यात गेला. भूमिका ठरवल्याने प्रत्येक निर्णय बरोबर येईल अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. चुकलेल्या निर्णयातून शिकता येईल, एवढी हमी मात्र नक्की मिळते.

उद्यापासून काय कराल?

यासाठी नोकरी लागेपर्यंत थांबायला नको. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये, टेक-फेस्टच्या कमिटीत, गॅदरिंगच्या तयारीत सुरुवात करता येईल.

* वर्षभरात घ्यावे लागणारे पाच-सहा मोठे निर्णय एका कागदावर लिहा : विषय, मोटर, कंट्रोलर, खर्चाची मर्यादा, काम वेळेत न झाल्यास काय गाळायचं. फक्त मोठेच घ्या. नटबोल्ट कोणत्या दुकानातून आणायचे यासाठी तक्ता केलात तर सबमिशन राहील बाजूला.

* प्रत्येक निर्णयापुढे पाच रकाने करा आणि नावं भरा. निर्णयाच्या रकान्यात एकच नाव. दोन नावं लिहिली म्हणजे एकही लिहिलं नाही.

* सगळे निर्णय एकाच लीडरकडे देऊ नका. सर्किटचा निर्णय सर्किट करणाऱ्याकडे, खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याकडे. गाईडची भूमिका काय, हे त्यांनाच जाऊन विचारा. काही सरांना संमती हवी असते, काहींना फक्त कळवलेलं पुरतं.

* संमतीच्या रकान्यात सगळ्यांना घालू नका. प्रत्येकाला नकाराधिकार दिला की गाडी जागची हलत नाही. आणि नकार तांत्रिक कारणासह लेखी द्यायचा.

* निर्णयाची तारीख लिहा. त्या दिवसापर्यंत वाद घाला, हवा तेवढा घाला. त्यानंतर ठरलेलं सगळ्यांनी मिळून करायचं. नवीन माहिती हाती आली तरच विषय पुन्हा उघडायचा.

* शेवटी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, "तुझं काय म्हणणं?" जो मोबाईलमध्ये आहे त्याला सर्वांत आधी!

आणि एक गोष्ट तक्त्यात मावत नाही. कागदावर तुमच्या नावापुढे 'संमती' लिहिलेलं असेल आणि एके दिवशी कोणीतरी मोठा माणूस प्रेमाने किंवा दरडावून म्हणेल, "अहो, जरा प्रॅक्टिकल व्हा, सही करून टाका." त्या क्षणी कोणताही तक्ता तुमचा हात धरणार नाही. अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी त्या रात्री सही केली नाही. त्यांच्या नकाराने उड्डाण थांबलं नाही, हे खरं. पण अपघातानंतर सांध्याचं नवं डिझाइन करण्याचं काम पुढे त्यांच्याच हाती आलं, आणि त्या सांध्यांचे बूस्टर लावून शटल सप्टेंबर १९८८ मध्ये पुन्हा सुखरूप उडालं.

मित्रहो, डिग्री मिळाल्यावर आपल्या सहीला किंमत येते. ती सही कोणत्या भूमिकेतून करतो आहोत हे माहीत असणं, आणि ती भूमिका कोणी सांगितलं म्हणून न बदलणं, हाही आपल्या सिलॅबसचाच भाग आहे. प्रश्नपत्रिकेत तो येत नाही, एवढंच!